‘एक काम होतं’ हे इंग्रजीत कसं म्हणाल?

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा एक मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. पुण्यातल्या एका कंपनीला मुलाखतीची वेळ विचारायची म्हणून त्यानं माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि हा एका दमात म्हणाला, “हॅलो, आय वॉन्ट टू टॉक विथ मॅडम. गिव्ह फोन टू मॅडम.” पलीकडे क्षणभर शांतता. मग “शी इज बिझी” एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. आपलं काय चुकलं हेच त्याला कळेना. व्याकरणात तसं फार काही चुकलंही नव्हतं.

मी त्याला म्हटलं, तुझ्या मनात काय होतं ते आधी मराठीत सांग. तो म्हणाला, “मला जरा मॅडमशी बोलायचं होतं. मॅडमला फोन देता का?” किती अदबीची वाक्यं ही! इंग्रजीत जाताना त्यातलं ‘जरा’ गळलं, ‘होतं’चं ‘आहे’ झालं आणि ‘देता का’चं ‘दे’ झालं. स्वभावानं मऊ असलेला हा मुलगा पलीकडच्या बाईंना हुकूम सोडणारा वाटला.

या भागात इंग्रजी शिकवताना हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. आपल्या राज्यात 2000 सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आजच्या पंचविशीतल्या मुलांनी दहा-बारा वर्षं तरी ही भाषा शाळेत वाचली आहे. शब्द त्यांच्याकडे आहेत. अडतं ते एकाच अर्थाच्या चार क्रियापदांतलं नेमकं कुठलं उचलायचं, तिथं. आणि ते सर्वांत जास्त अडतं फोनवर. समोर माणूस असला की आपण हात जोडतो, मान लववतो, हसतो. वाक्य थोडं खडबडीत निघालं तरी चेहरा ते सांभाळून घेतो. फोनवर नमस्कार दिसत नाही, तिथं सगळा भार क्रियापदावर येतो.

मराठीत अदब कुठे कुठे असते, ते आधी पाहू. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या सर्वनामांत ती असते. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’ अशा क्रियापदाच्या शेपटात असते. ‘जरा’, ‘बरं’, ‘की’, ‘ना’ या इवल्या शब्दांत असते. ‘सांगा’ आणि ‘सांगा बरं जरा’ यांत केवढं अंतर आहे, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही कळतं. इंग्रजीत ‘यू’ एकच. लहानाला यू, थोरालाही यू. क्रियापदाला ‘द्या’सारखं आदराचं रूप नाही. मग त्या लोकांनी अदब ठेवली कुठे? मुख्य क्रियापदाच्या आधी येणाऱ्या सहायक क्रियापदात: कॅन, कुड, विल, वुड, मे, शॅल. ‘प्लीज’ मदतीला असतं, पण एकट्या ‘प्लीज’नं भागत नाही. “गिव्ह मी द नंबर, प्लीज” हा हुकूमच राहतो, फक्त आवाज खाली केलेला.

आता मूळ गोष्ट. आपण कुणाकडे काही मागायला गेलो की म्हणतो, “साहेब, एक काम होतं.” काम तर आत्ता आहे, समोर उभं आहे, तरी आपण ‘होतं’ म्हणतो. “जरा विचारायचं होतं”, “तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.” काम भूतकाळात ढकललं की ते समोरच्याच्या अंगावर येत नाही. त्याला वाटलं तर तो ‘बोला’ म्हणेल, नाहीतर ‘आज जमणार नाही’ म्हणायला त्याला वाट मोकळी राहते. इंग्रजांनी अगदी हेच केलं आहे. ‘कुड’ हे ‘कॅन’चं भूतकाळी रूप, ‘वुड’ हे ‘विल’चं. “कुड यू गिव्ह मी द नंबर?” यात काळ आत्ताचाच आहे, फक्त क्रियापद एक पाऊल मागे सरकलं आहे. “आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग” हे तर आपल्या “एक विचारायचं होतं”चं जुळं भावंड आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, मराठीत जिथं ‘होतं’ म्हणाला असतास, तिथं इंग्रजीत कुड किंवा वुड घे. एवढं एक जरी पक्कं झालं तरी फोनवरचं निम्मं इंग्रजी सुधारतं.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा तीन दूरदूरच्या भाषा घेऊन विनयावर मोठं काम केलं. ते 1987 साली पुस्तकरूपानं आलं. समोरच्याला नकार द्यायला जागा ठेवणं ही विनयाची एक मोठी वाट आहे, हे त्यांनी तिन्ही भाषांत दाखवलं. आपलं ‘होतं’ त्याच वाटेवरचं आहे.

‘वॉन्ट’ या शब्दाविषयी थोडं. 10 मार्च 1876 रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनवरून पहिलं वाक्य बोललं ते आपल्या मदतनीस वॉटसन यांना: इकडे या, मला तुम्हाला भेटायचं आहे. त्या इंग्रजी वाक्यात ‘आय वॉन्ट’ होतं. मालकानं शेजारच्या खोलीतल्या मदतनिसाला बोलावताना ते शोभलं. आपण ज्याच्याकडे काम घेऊन जातो त्याला फोन करताना ते शोभत नाही. ‘आय वॉन्ट’च्या जागी ‘आय वुड लाइक’ बसवा. “आय वुड लाइक टू नो द इंटरव्ह्यू टाइम.” अर्थ तोच राहतो आणि पलीकडचा माणूस तुमचं पुढचं वाक्य ऐकायला तयार होतो.

आता कॅन, कुड, विल, वुड यांचा आपापला सूर. “विल यू सेंड द पेपर्स?” हे मराठीत “कागद पाठवणार का?” असं ऐकू येतं, त्यामागे न उच्चारलेलं “की नाही?” उभं असतं. चिडलेला माणूस असं बोलतो. “वुड यू सेंड द पेपर्स?” म्हणजे “पाठवाल का?” “कॅन यू सेंड?” म्हणजे “पाठवता का?” रोजच्या ओळखीतल्या माणसाशी हे चालतं, त्यात उणं काही नाही. “कुड यू सेंड?” म्हणजे “जरा पाठवता येईल का?” अनोळखी माणसाशी, बँकेत, कार्यालयात, दवाखान्यात, कंपनीत बोलताना चारांतलं कुठलं घ्यावं असा प्रश्न पडला तर डोळे मिटून ‘कुड’ घ्या. ते कुणालाही खुपत नाही.

‘मे’चा गोंधळ वेगळा आहे. ‘मे’ हे परवानगीचं क्रियापद. ते विनंतीत फक्त ‘आय’ आणि ‘वी’ यांच्याबरोबर बसतं. “मे आय स्पीक टू द मॅनेजर?” उत्तम. पण ‘मे’ सभ्य आहे असं शाळेत ऐकलेली मुलं “मे यू रिपीट?” असंही म्हणतात. ‘मे यू’नं इंग्रजीत आशीर्वाद सुरू होतो: “मे यू लिव्ह लाँग.” पलीकडच्याला “आपण पुन्हा सांगावे, अशी देवाजवळ प्रार्थना” असं काहीसं ऐकू येतं. समोरच्यानं काही करायचं असेल तर ‘कुड यू’, स्वतः काही करायची परवानगी हवी असेल तर ‘मे आय’ किंवा ‘कुड आय’. आणि ‘कॅन आय’ म्हणणं ही चूक आहे असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. ती चूक नाही. इंग्रज माणूस घरी-दारी ‘कॅन आय’ म्हणूनच परवानगी मागतो. ते थोडं कमी औपचारिक, इतकंच.

आपल्या मराठीत ‘करू का?’ या दोन शब्दांत दोन निराळ्या गोष्टी राहतात. “आत येऊ का?” ही परवानगी आहे. “चहा आणू का?” ही देऊ केलेली मदत आहे. मराठीत दोन्हींचा साचा एक, म्हणून इंग्रजीत जाताना घोटाळा होतो. परवानगीला मे, कॅन किंवा कुड. देऊ केलेल्या मदतीला ‘शॅल आय’. कामाचा फायदा कुणाला, हे विचारलं की उत्तर मिळतं. मला सोयीचं म्हणून नंतर फोन करायचा असेल तर “कुड आय कॉल यू लेटर?” तुम्ही जेवताय असं दिसतंय, तुमच्या सोयीसाठी विचारतोय, तर “शॅल आय कॉल यू लेटर?” अमेरिकेत या जागी ‘शुड आय’ जास्त ऐकू येईल, पोरं परदेशी कंपन्यांशी बोलू लागली की ते आपोआप कानावर पडतं.

आता ज्या जागी मी सर्वांत जास्त ठेचाळलेली माणसं पाहिली, ती जागा: ‘सांगा’. मराठीतला ‘सांगणे’ हा शब्द फार ऐसपैस आहे. माहिती सांगतो, काम सांगतो, निरोप सांगतो आणि “त्यांना यायला सांगा” असंही म्हणतो. इंग्रजीत याचे तुकडे पडतात. मॅडम जागेवर नाहीत, त्यांनी आल्यावर फोन करावा अशी इच्छा आहे. मराठीत सहज म्हणू, “मॅडमना मला फोन करायला सांगा.” यात कुणाचा अपमान नाही. त्याचं सरळ इंग्रजी झालं “टेल मॅडम टू कॉल मी”, आणि इथं घात झाला. ‘टेल समबडी टू’ म्हणजे आज्ञा करणं. आई मुलाला टेल करते, साहेब शिपायाला टेल करतो. तुम्ही त्या मॅडमना त्यांच्याच कार्यालयातल्या माणसाकरवी हुकूम पाठवला. इथं हवं ‘आस्क’: “कुड यू आस्क हर टू कॉल मी बॅक, प्लीज?” आस्क म्हणजे ‘विचारणे’ एवढंच आपण शिकलेलो असतो. त्याचा दुसरा अर्थ ‘विनंती करणे’ हा आहे आणि फोनवर तोच रोज लागतो. फक्त बातमी पोचवायची असेल तर मात्र ‘टेल’ बिनधोक आहे: “कुड यू टेल हर आय कॉल्ड?” मी फोन केला होता एवढं त्यांच्या कानावर घाला. म्हणजे ‘टेल’नंतर बातमी आली तर ठीक, काम आलं तर ‘आस्क’ घ्यायचं.

‘से’ आणि ‘टेल’ यांतला फरक सोपा आहे. ‘टेल’ला लगेच माणूस लागतो: टेल मी, टेल हर. ‘से’ला शब्द लागतात: से दॅट, से युवर नेम. म्हणून ऐकू आलं नाही तर “कुड यू से दॅट अगेन?” ‘टेल अगेन’ नाही. नाव विचारताना “टेल मी युवर नेम” पोलीस चौकीतलं वाटतं. “मे आय हॅव युवर नेम, प्लीज?” म्हणा. “हू आर यू?” तर कधीच नको; “मे आय नो हूज कॉलिंग?” हे आपल्या “कोण बोलतंय?”च्या जवळचं. आणि स्वतःची ओळख देताना ‘मायसेल्फ अमुक’ सोडा. फोनवर “धिस इज अमुक, फ्रॉम साखरा” असंच म्हणतात.

आपण फोन उचलल्यावर “हां, बोला” म्हणतो. किती आपुलकीचं आहे ते! पण “येस, स्पीक” म्हटलं की तीच आपुलकी दरडावणी होते. तिथं “येस, प्लीज गो अहेड.” ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांत कार्यालयीन फोनला ‘स्पीक’ बरं, ‘टॉक’मध्ये गप्पांचा वास आहे. “कुड आय स्पीक टू द मॅनेजर?” हे वाक्य आहे तसं पाठ करून टाका.

‘देणे’ आणि ‘ठेवणे’ हे ठेच लागणारे पुढचे दोन दगड. ‘फोन द्या’ला ‘गिव्ह फोन’ नको. कार्यालयात एकाकडून दुसऱ्याकडे फोन जोडून हवा असेल तर “कुड यू पुट मी थ्रू टू अकाउंट्स?” किंवा “कुड यू कनेक्ट मी?” दोन्ही सारखीच. घरातला एकच मोबाईल हातातून हातात द्यायचा असेल तर “कुड यू पास द फोन टू हिम?” ‘निरोप ठेवणे’ हे ‘कीप’ नसून ‘लीव्ह’ आहे: “मे आय लीव्ह अ मेसेज?” ‘कीप’ म्हणजे आपल्याजवळच ठेवून घेणं. ‘फोन ठेवू नका’ म्हणून “डोन्ट कीप द फोन” म्हटलं तर पलीकडच्याला भलताच अर्थ लागेल. तिथं “कुड यू होल्ड फॉर अ मोमेंट?” म्हणावं. नुसतं ‘वेट’ म्हणजे ‘थांब’, ‘थांबा’ नव्हे.

यातली एक जोडी फार सांभाळावी लागते. ‘हँग ऑन’ म्हणजे थांबा. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवा. पूर्वी भिंतीवरच्या फोनचा कानाला लावायचा भाग बोलणं संपल्यावर हुकाला टांगत, म्हणून टांगणं म्हणजे बोलणं संपवणं. शब्द एकाच घरातले, अर्थ उलटे. “प्लीज हँग अप” म्हणून पलीकडून फोन बंद झाला तर दोष आपला. मी तर सांगतो, हँगच्या वाटेला जाऊच नका, ‘होल्ड’ वापरा.

“वुड यू माइंड वेटिंग?” असं विचारलं की आपली माणसं आनंदानं “येस, येस” म्हणतात. माइंड म्हणजे हरकत असणं. “तुमची हरकत नाही ना?” याला आपण “नाही, नाही, काही हरकत नाही” म्हणतो. इंग्रजीतही तेच: “नो, नॉट ॲट ऑल.” इथं ‘नो’ म्हणजे होकार.

आता हे सगळं खऱ्या कामाला जोडू. आपल्या जिल्ह्यात हळद पिकते. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या मोठ्या पेठा सांगली, तेलंगणातलं निजामाबाद आणि तमिळनाडूतलं इरोड. जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालयही निजामाबादलाच आहे. सांगलीला मराठी चालतं, निजामाबादला हिंदीवर निभतं. इरोडच्या व्यापाऱ्याला मराठी येत नाही, हिंदीची खात्री नाही, म्हणून दोघांच्या मधे इंग्रजी येतं. समजा, साखऱ्यातल्या शेतकरी गटाच्या वतीनं तुम्ही तिथं फोन लावला आहे.

“गुड मॉर्निंग. धिस इज अमुक, फ्रॉम साखरा, हिंगोली डिस्ट्रिक्ट, महाराष्ट्र. कुड आय स्पीक टू द पर्चेस मॅनेजर, प्लीज?” तो आला. “गुड मॉर्निंग, सर. आय वॉन्टेड टू आस्क अबाउट टर्मरिक रेट्स. इज धिस अ गुड टाइम?” हा शेवटचा प्रश्न टाळू नका, “आत्ता बोललं तर चालेल ना?” हेच ते. मग दर विचारा: “कुड यू टेल मी टुडेज रेट फॉर फिंगर्स अँड बल्ब्स?” आपल्या कांडीला इंग्रजीत ‘फिंगर’ म्हणतात आणि गट्टूला ‘बल्ब’. नमुना पाठवायचा असेल तर तो त्याच्या सोयीचा आहे, म्हणून “शॅल आय सेंड यू अ सॅम्पल?” दर लेखी हवा असेल तर काम त्याला आहे, म्हणून “वुड यू माइंड सेंडिंग द रेट ऑन व्हॉट्सॲप?” ‘कळवा’साठी “इन्फॉर्म मी” म्हटलं की सरकारी पत्र वाटतं, “कुड यू लेट मी नो बाय फ्रायडे?” पुरेसं आहे. आणि कितीही घाई असली तरी ‘यू हॅव टू’ नको. ते आपलं ‘द्यावंच लागेल’ आहे. ते ऐकल्यावर व्यापारी दराआधी फोन सोडतो.

अदबीचा अतिरेकही होतो. “आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली काइंडली” अशी लांबलचक माळ लावली की पलीकडच्याला वाटतं, याला बहुधा पैसे उसने हवेत. जितकं काम मोठं, तितकं वाक्य लांब, असा बेत ठेवा. पिनकोड विचारायला “कुड यू” बास. आपल्यासाठी कुणाला तासभर खपायचं असेल तेव्हा “आय वॉज वंडरिंग इफ यू कुड” काढा. ‘काइंडली’ आपल्या देशातल्या कार्यालयांत रुळलेलं आहे, इथं त्यानं बिघडत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या कानाला मात्र ते कधीकधी सूचनाफलकासारखं कडक लागतं. ‘आय रिक्वेस्ट यू’ अर्जात शोभतं, फोनवर जड होतं.

नकार देताना आणखी एक काळजी. जुन्या पद्धतीची फोनची वाहिनी साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच आवाज नेते. स आणि फ यांच्यातला फरक दाखवणारा बराचसा ध्वनी त्याच्या वर असतो, तो गळतो. शब्दाच्या शेवटचा हलका ‘ट’ही निसटतो. त्यामुळे ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ फोनवर एकमेकांत मिसळतात, विशेषतः पलीकडचा अमेरिकी उच्चाराचा असला तर. जमणार नसेल तेव्हा ‘कान्ट’वर विसंबू नका, “आय ॲम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टू” असं पूर्ण म्हणा. आणि पलीकडून ‘कॅन’ ऐकू आलं की खात्री करून घ्या: “सो यू आर एबल टू सेंड इट?”

गावाचं नाव सांगतानाही हाच त्रास. एस आणि एफ एकच वाटतात, म्हणून अक्षरामागे गाव जोडा, आणि ते ऐकणाऱ्याच्या ओळखीचं घ्या. इरोडच्या माणसाला सेनगाव माहीत नसणार. एस फॉर सुरत, ए फॉर आग्रा, के फॉर कानपूर, एच फॉर हैदराबाद, आर फॉर राजकोट, ए फॉर आग्रा. साखरा पोचलं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आधीच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या: एक मराठी वाक्य, त्याखाली त्याचं इंग्रजी. कागदावर ती रीत चांगली आहे, तिथं विचार करायला वेळ असतो. फोनवर भाषांतराला उसंत नसते. जे ओठावर बसलेलं असतं तेच बाहेर पडतं. म्हणून वाक्यं ओठावर बसवावी लागतात. त्या पुण्याच्या फोनवाल्या पोराला मी तीनच वाक्यं दिली होती: कुड आय स्पीक टू, आय वुड लाइक टू नो, कुड यू आस्क हर टू कॉल मी बॅक. चार दिवस तो रानात जाता-येता ती मोठ्यानं म्हणत होता. पाचव्या दिवशी त्यानं त्याच नंबरला पुन्हा फोन लावला आणि त्याला मुलाखतीची वेळ मिळाली.

तुम्हालाही उद्या असा फोन करायचा असेल तर आज रात्री पहिलं वाक्य वहीत लिहा, ते दहादा मोठ्यानं म्हणा, घरातल्या कुणाला तरी पलीकडचा माणूस करून एकदा बोलून बघा, आणि मगच नंबर दाबा.